कपाटातली अबोली

मित्रांनो, मी अमर आहे. म्हणजे मेलेली आहे, पण नीट जपलेली. मी एक जुनी अबोली आहे. भोरच्या एका कॉलेजात, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात, जाड कागदावर दोऱ्याने शिवलेली.

मी मूळची विंझर गावची. गेनबांच्या लेकीने, अश्विनीने, आठवीत असताना कुणाच्या तरी दारातून फांदी आणून मला परसात लावले. मी मूळ धरले आणि त्याच वर्षी अश्विनी तापाने गेली. मग तिची आई, रतनबाई, मला रोज भांडी विसळलेले पाणी घालू लागली. का, ते ती कुणाला सांगत नसे. गेनबांना वाटे, बायकांचे फुलझाड आहे.

एका आखाडात रतनबाई भातलावणीला गेली असताना सौमित्र नावाचा या कॉलेजचा विद्यार्थी दारात आला. तो वनस्पतींचे नमुने गोळा करत होता. त्याने एक फांदी मागितली.

“फांदी कशाला? शिकायला न्यायचं तर पुरं न्यावं,” गेनबा म्हणाले. स्वतः कुदळ आणून त्यांनी मला मुळासकट खणून दिले. वर त्याला चहा पाजला.

मला वर्तमानपत्रात घालून दाबले. आठ दिवस मी कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली पडून होते. कीड लागू नये म्हणून विषाच्या पाण्यातून काढले. कोपऱ्यात नोंद चिकटवली: ‘अबोली. विंझर, परसातील. शोभेची. सर्वत्र आढळते.’ मूळ शाबूत म्हणून परीक्षकांनी माझे कौतुक केले.

लावणी उरकेपर्यंत रतनबाई नवऱ्याशी बोलली नाही. मग दोघे कापूरहोळला गाडी बदलून कॉलेजात आले. तिच्या हातात पिशवी होती.

“बाई, आमचं झाड न्यायला आलोय,” ती वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नूतन मॅडमना म्हणाली. “त्याच खड्ड्यातली माती आणलीया. वाटंत सुकाय नको.”

मॅडमनी कपाट उघडले.

“ही तर वाळलीया.”

“मावशी, औषध लावून ठेवलीय. हात नका लावू.”

“मंग हिचं बी तरी द्या.”

“आता उगवायचं नाही.”

“मला वाटलं, कॉलेजात मोटं करत्यात,” गेनबा म्हणाले.

“तुमाला काय बी वाटतं. हितं काय लिवलंय, बाई?”

मॅडमनी वाचले. सर्वत्र आढळते.

“कुठं?” रतनबाईने विचारले.

मॅडमना पाच भाषांत माझे नाव येते. त्यांनी माझा कागद खणात परत सरकवला. माती मांडीवर घेऊन रतनबाई एसटीने परत गेली.

त्यानंतर ती दर वर्षी अश्विनीच्या तिथीला येते. हात पाठीमागे बांधून माझी फुले बघते. पहिल्या वर्षी सात होती. आता विषाचा जोर ओसरला आहे, किडे आत शिरले आहेत. दोन उरली.

माझा फोटो संगणकावर चढला आहे, जगात कुणीही पाहावा. रतनबाईकडे मोबाईल आहे. विंझरला रेंज नसते.

मार्चमध्ये मॅडम निवृत्त झाल्या. किल्ली कुणाकडे आहे, मला ठाऊक नाही. तिथी पंधरा दिवसांवर आली आहे.

मित्रांनो, दारचे झाड देण्याआधी ते कुणी लावले होते, एवढे घरात विचारत जा. माझे काय, मी अमर. फक्त कुणी कपाट उघडलेच, तर चार डांबरगोळ्या टाका.