काटा शून्यावर आहे, मालक

मी मीटर बोलतोय. विजेचं बिल वाढवणारा तो वेगळा, त्याच्या नावाने लोक बोटं मोडतात. मी मिलिव्होल्टमीटर. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाण्यासोबत नको असलेली घरघर शिरते ना, ती किती आहे ते माझा काटा दाखवतो.

कारखान्यात माझा काटा बसवणाऱ्या बाई श्वास रोखून काम करायच्या. तिथून आलो तो थेट मालकांच्या दुरुस्तीच्या दुकानात. मालकांना सगळे ‘कानसेन’ म्हणायचे. यंत्र चालू केलं की नुसतं ऐकून दोष सांगणार, आणि मग खात्रीला मला जोडणार. इनपुट तारेच्या तुकड्याने शॉर्ट करायचं, म्हणजे बाहेरून काही आत येत नाही. आवाजाचं बटण पूर्ण फिरवायचं, आणि स्पीकरच्या टोकांना माझ्या वायरी. आता जे दिसेल ते त्या यंत्राचंच पाप! मालकांचा कान आणि माझा काटा, आमचं कधी वाजलं नाही.

मग गाणं शिकवणाऱ्या बाईंचा अ‍ॅम्प्लिफायर आला. मालकांनी घरघर गाळणारा कपॅसिटर खराब झालेला होता, तो बदलला आणि माझा काटा गुपचूप शून्याला टेकला. मला वाटलं, झालं काम.

मालकांच्या कपाळाला आठ्या. “घूं आहे अजून.”

अहो, कुठली घूं? पण मला थोडंच तोंड आहे! त्यांनी मला टिचक्या मारल्या, वायरी बदलल्या. “आंधळा झालायस तू,” म्हणाले. मग एकेक धडधाकट कपॅसिटर उपटायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

बाई न्यायला आल्या. ऐकून खूश झाल्या. “काका, छान झालाय की! अजिबात घरघर नाही.”

“तुम्हाला नाही कळायची ती. ठेवून जा.”

बाईंनी विश्वासाने ठेवला. मालकांनी पुन्हा सोल्डर काढलं, पुन्हा लावलं, शेवटी बोर्डावरची तांब्याची पट्टीच जळून उखडली. बरं झालेलं यंत्र माझ्यासमोर मेलं हो! आणि मी वायरी लावून तिथेच बसलेला, खरं सांगत.

दुपारी मालकीणबाई डबा घेऊन आल्या. मालक दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

“अगं, ही घूं येतेय ना तुला ऐकू?”

“नाही हो.”

“नीट ऐक! सगळे बहिरे झालात की काय? बंद कर तो अ‍ॅम्प्लिफायर आधी. डोकं फुटेल माझं.”

मालकीणबाईंनी टेबलाखालून वायर ओढली. “अहो, याची पिन तर काढलेलीच आहे. ही बघा.”

मालक त्या पिनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. माझा काटा शून्यावर. “म्हणजे घूं माझ्यातच आहे,” ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. माझं खरं ठरलं. असलं खरं वैऱ्यालाही सांगायची वेळ येऊ नये.

डॉक्टर म्हणाले, हा कानातला आवाज जाणार नाही. दुकान बंद झालं. मी आता घरातल्या कपाटावर असतो. मालक पंखा मोठा लावून त्याखाली बसतात, तेवढीच घूं झाकली जाते.

कधी कधी ते मला खाली काढतात, चालू करतात आणि माझ्या वायरीचं उघडं टोक चिमटीत धरतात. काटा ताडकन वर जातो. त्यात नवल काही नाही. घराच्या भिंतींतून वीज फिरते, तिची घरघर माणसाचं अंग पकडतं. कुणीही धरलं तरी तेवढाच हलेन. हे मालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

काल मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि हातातलं काम टाकून धावत आल्या. “अगंबाई! सापडली का तुमची घूं? बघा, मी म्हणत होते ना, सापडेल म्हणून! मग आता काढता येईल ना हो?”

मालकांनी वायर सोडली नाही.

सोडा हो मालक. मालकीणबाईंचा चेहरा बघा, किती फुललाय. माझ्याने नाही बघवत.