दोन मिनिटंवाले

"बाई, घाबरू नका! मी आलोय! दोन मिनिटांत काढतो तुम्हाला!"

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या दाराला तोंड लावून तो ओरडला. आत एकट्या निवृत्त शिक्षिका होत्या, हातात फळांची पिशवी. जोडीदार वर मशीनच्या खोलीत चाक फिरवून लिफ्ट हातानं खाली आणायच्या खटपटीत होता. आणि खाली लिफ्ट-मेकॅनिकचं, म्हणजे याचं, काम एकच: आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रडणाऱ्या पोराला 'दोन मिनिटं', चिडलेल्या साहेबालाही 'दोन मिनिटं'. सगळे त्याला 'दोन मिनिटंवाले'च म्हणायचे, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

"अहो दोन मिनिटंवाले," आतून आवाज आला, "तुमची दोन मिनिटं केव्हाच झाली!"

"झालंच बाई, आता दोनच..."

"खोटं बोलू नका! तुम्ही दोन म्हणता, मी मोजत बसते, आणि दार काही उघडत नाही. मग वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय. छातीत धडधडतंय माझ्या. त्यापेक्षा सरळ माहीत नाही म्हणा ना!"

तो चपापला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कुणी सुनावलं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे बाई आल्याच नाहीत, आली ती लेक.

लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. परीक्षेत एकदा तिचा श्वास कोंडला, हातपाय कापायला लागले. तेव्हापासून कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या, जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीर ठणठणीत आहे, मनाच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. यानं मान डोलावली आणि घरी येऊन लेकीला म्हणाला, "काही नाही गं, दोन दिवसांत बरं वाटेल." मग आणखी दोन दिवस. अशा दोन-दोन दिवसांचे महिने झाले, आणि पोरगी बापाशी बोलेनाशी झाली. हीच लहानपणी त्याची हत्यारांची पिशवी ओढत, "दोन मिनिटं, दोन मिनिटं" करत घरभर हिंडायची.

"गेलात की काय?" बाईंचा आवाज कापला.

"नाही बाई, इथंच आहे." मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "किती वेळ लागेल, खरंच माहीत नाही. पण मी इथून हलत नाही."

"हां, आता कसं!" बाईंनी मोठा श्वास सोडला. "आता बसते खाली. बोला काहीतरी. घरी कोण कोण?"

तोंड दिसत नसलं की बोलायला बरं पडतं. त्यानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. बाईंनी मध्ये एकदाही "अरेरे" केलं नाही.

"माझ्या नातवाचंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही लपवलं. लोक काय म्हणतील! मूर्खपणा नुसता. शेवटी वाचनालयाच्या मागं ते समुपदेशन केंद्र आहे ना, तिथं नेलं. मुलांशी बोलतात, घरच्यांशीही बोलतात. सगळ्यांत जास्त मीच रडले तिथं. पण आधी पोरीला विचारा हो. फरफटत नेऊ नका."

लिफ्ट खाली आली, दार उघडलं. बाईंनी पिशवीतलं एक सफरचंद त्याच्या हातावर ठेवलं. "लेकीला द्या."

घरी येऊन तो लेकीच्या खोलीच्या दाराबाहेर फरशीवरच बसला. स्वयंपाकघरात बायकोनं भांडी घासायची थांबवली.

"बाळा, एक ठिकाण कळलंय. बोलायला जायचं. जायचं का आपण?"

"दोन दिवसांत बरं वाटेल म्हणून?" आतून आवाज आला. चांगलाच तिखट.

"ते माहीत नाही मला. मी उगाच म्हणायचो गं ते. तुला काय होतंय, कळायचं नाही. भीती वाटायची. म्हणून आपलं काहीतरी बोलायचो."

आतून पलंग करकरला, पावलं दारापर्यंत आली.

"तिथं सगळं सांगावंच लागतं?"

"तेही माहीत नाही. विचारू आपण."

"बाबा, तुला काहीच माहीत नाही!"

"नाही ना!"

आतून नाकातून हसल्यासारखा आवाज आला. दार वीतभर उघडलं. त्यानं सफरचंद पुढं केलं. एक हात बाहेर आला आणि घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात तिघं केंद्रात गेली. तिथल्या समुपदेशक ताईंनी दारातच लेकीला सांगितलं, "आज नुसती ओळख करून घेऊ. जेवढं वाटेल तेवढंच बोल. आई-बाबांना पुढं कधीतरी बोलवीन."

लेक उंबऱ्याशी थबकली. चेहरा पांढराफटक. "बाबा, किती वेळ लागेल?"

दोन मिनिटं अगदी ओठांवर आली होती. त्यानं ती गिळली. "माहीत नाही. मी इथंच आहे."

तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आपली पिशवी त्याच्या हातात दिली आणि आत गेली.

थोड्या वेळानं फोन वाजला. जोडीदार होता. बाजारातली लिफ्ट अडकली होती. "कधी येतोस?"

"आज नाही रे जमणार, तूच सांभाळ. आणि हे बघ, आतल्या माणसाला दोन मिनिटं म्हणू नकोस."

एवढ्यात आतून लेकीच्या रडण्याचा आवाज आला. मोकळा, मोठ्यानं. तो ताडकन उठला, दाराच्या मुठीपर्यंत हात गेला. आयुष्य दारं उघडण्यातच गेलं होतं त्याचं. बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं हात मागं घेतला. मग खुर्ची उचलून, आवाज न करता, बरोबर दारासमोर आणून ठेवली आणि लेकीची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला.