सांच्याच्या चालीवर पळू नये

मी धोटा बोलतोय. एकदाच सांगणार आहे, नीट ऐका.

धोटा म्हणजे काय हे आता सुरतेतल्या पोरांनाही ठाऊक नसतं. सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभ्या ताण्यातून आडवा धागा घेऊन जो या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो, तो मी. होडीसारखा आकार. घट्ट लाकडाचं अंग, दोन्ही टोकांना पोलाद, पोटात दोऱ्याची कांडी. एका बाजूने काठीचा फटका बसला की मी सुटायचो आणि दुसऱ्या बाजूच्या पेटीत जाऊन आदळायचो. तिथे पुन्हा फटका, की परत. दिवसातून किती वेळा, ते मला विचारू नका. मी शाळेत गेलो नाही. पण पळणं मला विचारा.

कुठल्या झाडाचं लाकूड, कोणी तासलं, मला आठवत नाही. आठवून उपयोगही नाही. डोळा उघडला तो सुरतेत, भेस्तानच्या एका खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात. तिथे सांच्यांच्या रांगा होत्या आणि रांगांमधून फिरणारा एक माणूस होता. सुकलाल. गाव नरडाणा, खानदेश. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा तो सुरतेला आला आणि माझ्या सांच्यावर लागला.

मी पळायचो, तो चालायचा. या सांच्याकडून त्या सांच्याकडे, पाळी संपेपर्यंत. धागा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायचा. खात्यात बोलणं नसतं. एवढ्या खडखडाटात कोण कोणाचं ऐकणार? पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे. धागा तुटला तर दोन बोटं कात्रीसारखी. सुकलालचं सगळं तारुण्य असं हातांनी बोलण्यात गेलं. घरीसुद्धा तो कमीच बोलायचा. मला ते आवडायचं. बडबड्या माणसाचा हात सांच्यात जातो.

मग बिनधोट्याचे सांचे आले. पाण्याच्या फवाऱ्याने धागा फेकतात म्हणे. फेकोत. शेठने आमचे सांचे भंगारात काढले. माणसं घण घेऊन आली. लोखंड वजनावर गेलं, आम्ही लाकडाचे धोटे कोपऱ्यात ढिगाने पडलो. नव्या सांच्यांवर शेठने जवान पोरं घेतली. सुकलाल ढिगापाशी आला, मला उचललं, अंगठ्याने माझं टोक चाचपलं आणि मला पिशवीत टाकलं.

घरी त्याची बायको सुंदरा कणीक मळत होती. "हाई लाकूड कसाले आनं घरमा?"

"राहू दे. यानी आपलं पोट भरेल शे."

दोघं एवढंच बोलली. मला टीव्हीच्या बाजूला ठेवलं.

काम शोधता शोधता सुकलाल पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये गेला. तिथे आगीच्या पथकात माणसं घेणार होते. रंगाची, कापडाची मिल. ठिणगी पडली तर नळी घेऊन धावणारा माणूस लागतो. घेणाऱ्या साहेबाने त्याच्याकडे वरून खालून पाहिलं. "काका, दौड़ पाओगे? मिलच्या भिंतीला बाहेरून तीन फेरे मारायचे. कितीही हळू मारा. पण थांबला तो गेला." परीक्षा दिवाळीनंतर.

हे काम मिळालं नाही तर बिऱ्हाड गुंडाळून नरडाण्याला भावाच्या घरी जायचं, हे ठरलेलं होतं. सुकलालला त्याची भीती नव्हती. भीती होती उज्ज्वलाची. त्याची पोरगी अकरावीत होती, पहिलीपासून गुजराती शाळेत. गावाकडे गुजराती शाळा कुठली? मराठी तिला बोलता येतं, पण परीक्षेचा पेपर लिहायचा म्हणजे पुन्हा बाराखडीपासून सुरुवात. नरडाण्याला गेलं की तिचं शिक्षण संपलं, हे बाप जाणून होता. पोरगीही जाणून होती, पण दोघं त्यावर अवाक्षर काढत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो उठला. बूट भाच्याचे, मोठे होत होते. पुढे सुताचा गुंता कोंबला. गल्लीतली कुत्री पळणाऱ्याच्या पोटऱ्या धरतात, म्हणून मला हातात घेतलं. एवढ्यासाठीच. मी काही लाडाने गेलो नाही.

गल्लीच्या दोन्ही अंगांना सांच्यांची खाती. सुकलाल पळायला लागला आणि खात्याच्या दारातला चहावाला किटली टाकून त्याच्या मागे. त्याच्या मागे आणखी दोघं.

"कोणाचा हात गेला? कोणत्या खात्यात?"

"कोणाचा नाही," सुकलाल धापा टाकत म्हणाला.

"मग पळतोस का?"

"असंच."

"असंच?" चहावाल्याने कपाळाला हात लावला. "अरे, माझं दूध उतू गेलं असेल!"

चूक त्यांची नव्हती. आमच्या गल्लीत मोठा माणूस पळतो तो अपघात झाला तरच.

सुकलाल कोपऱ्यापर्यंत पोचला आणि भिंतीला धरून ओणवा झाला. बरगडीखाली कळ, तोंडात आंबट पाणी. घरी आला तेव्हा सुंदरा दारातच होती.

"आते या वयमा पयतस का कोनी? लोके हासतीन."

"हासू दे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जन्मभर चाललेले पाय, पण कोपरा ओलांडेनात. नडगीवर सूज आली. तो मला मुठीत आवळून धरायचा आणि दात खाऊन निघायचा. जिद्द कमी नव्हती. तिचंच ओझं होत होतं.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याची पावलं खट-खट, खट-खट पडत होती. ही चाल माझी होती. खात्यांतून सांच्यांचा ठोका यायचा आणि त्याचे पाय तो ठोका उचलायचे. इतकी वर्षं तो ठोका ऐकला, तो त्याच्या हाडांत बसला होता. अरे, मला काठी मारते म्हणून मी तसा पळतो. मला छाती नाही, फुप्फुस नाही, घर नाही. माणसाने धोट्यासारखं पळायचं नसतं. पण मी हे सांगणार कसं? मला पोलादी टोकं आहेत, तोंड नाही.

मग खात्यांच्या सुट्टीचा वार आला. सगळी गल्ली गप्प. सुकलाल पळाला, कोपरा आला, कोपरा गेला. तो पुढच्या चौकापर्यंत गेला आणि स्वतःच बावचळून उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, "आज पाय हलके कसे काय?"

सुंदरा कांड्या भरून भरून वाकलेली बाई. तीही त्याच ठोक्यात जगलेली. तिने मान वर केली नाही. "आज सांचा बंद शेतस ना."

तो मग खाली बसला आणि बोटांनी फरशीवर ठोका धरून पाहिला. खट-खट, खट-खट. "हट्," म्हणाला आणि हात झटकला.

त्याने वाट बदलली. खाती टाळून कालव्याच्या कडेने जायला लागला. पण ठोका डोक्यात होता, तो वाट बदलून कसा सुटेल? थोडं अंतर गेलं की पावलं पुन्हा माझ्या चालीवर.

तोडगा उज्ज्वलाने काढला. पोरगी चहा पिता पिता म्हणाली, "पप्पा, आमच्या पीटीच्या मॅडम म्हणतात, पळता पळता बोलता आलं पाहिजे. बोलता नाही आलं तर समजायचं, बहु फास्ट."

"मी कोणाशी बोलू? तिथं काय म्हशी आहेत नुसत्या."

"याच्याशी बोला ना." तिने मला उचलून त्याच्या हातात दिलं. "रोज नेता, एक शब्द नाही बोलत बिचाऱ्याशी."

बिचारा! मला कोणी बिचारा म्हटलेलं चालत नाही. पण पोरगी होती, सोडून दिलं.

सुकलालला लाज वाटली. पहिल्या दिवशी नुसता खाकरला. दुसऱ्या दिवशी इकडे तिकडे पाहून म्हणाला, "काय रे... बरा... आहेस का?" मी काय सांगणार? पण गंमत अशी, की बोलायला श्वास लागतो. श्वास हवा तर पाय आवरावे लागतात. तो बोलला की पावलं सैल व्हायची, गप्प झाला की सांचा सुरू. मग तो बोलतच राहिला. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचा आणि बोलायचा, पुढच्या खांबापर्यंत चालायचा. पुढे चालायचे खांब कमी होत गेले.

काय काय बोलला! बापाने जत्रेत खांद्यावर बसवलं होतं ते. सुंदराला बघायला गेला तेव्हा चहात साखर नव्हती, तरी गोड आहे म्हणाला ते. उज्ज्वला झाली त्या दिवशी खात्यात सगळ्यांना हातानेच सांगितलं, पाळणा झुलवून दाखवला, आणि तोंडाने सांगायचं राहूनच गेलं, तेही. एवढी वर्षं मी त्याच्यासमोर पळत होतो. या माणसात एवढं बोलणं साठलं आहे, याचा मला पत्ता नव्हता.

दिवाळीत सगळी गल्ली गावी गेली. तो गेला नाही. रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. कुत्रीसुद्धा आता शेपटी हलवत होती.

परीक्षेच्या दिवशी सुंदराने त्याच्या बुटांत नवा गुंता कोंबून दिला. उज्ज्वला म्हणाली, "पप्पा, धीमे धीमे." आम्ही पलसाण्याला पोचलो आणि फाटकावरच अडलो.

फाटकावर दगा बापू होते. म्हातारे पहारेकरी, पांढऱ्या मिशा. त्यांनी मला पाहिलं. "हे काय? टोकदार दिसतंय. आत न्यायचं नाही, हातात धरून पळायचंही नाही. साहेबांचा हुकूम." आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. सुकलाल क्षणभर रिकाम्या मुठीकडे पाहत राहिला. मग रांगेत गेला.

मला कट्ट्यावरून रस्त्याचा एवढासा तुकडा दिसत होता. बाकी सगळं ऐकायचं. शिटी झाली. पंधरा-वीस जणांची पावलं दणदणत गेली. आणि भिंतीच्या आत मिलची यंत्रं चालू. धड-धड, धड-धड. माझ्यापेक्षा जड ठोका, पण जात तीच.

पहिला फेरा. पोरं गेली. मागून सुकलाल आला. मला पावलं ऐकू आली आणि माझं लाकूड गार पडलं. खट-खट, खट-खट. तो यंत्राच्या ठोक्यावर पळत होता. तोंड मिटलेलं, गळ्याच्या शिरा ताठ. बोल रे! पण बोलणार कोणाशी? मी इथे, तो तिथे.

दगा बापूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसता चेहरा पाहिला आणि खानदेशी माणूस ओळखला. सुरतेत खानदेशी माणसाला खानदेशी माणूस दिसला की तो एकच गोष्ट करतो. बापूंनी खिडकीतून डोकं काढलं. "कोनता गावना शे रे भाऊ?"

सुकलाल निघून गेला. उत्तर नाही.

"माजेल दिसस," बापू पुटपुटले.

भिंतीपलीकडे कोणीतरी थांबलं, साहेबाने नाव पुकारून बाहेर काढलं. आणखी एक थांबला. मी वाट पाहत होतो. पावलं आली. आता ती खट-खटही नव्हती. अडखळत, फरफटत येत होती. श्वासाला फाटक्या कापडासारखा आवाज. अजून दुसरा फेराही पुरा नव्हता. आता तो थांबणार, हे मला कळलं. बरोबर इथेच, माझ्यासमोर.

बापू चिडून खुर्चीवरून उठले. "इचारी राह्यनू ना मी? तोंड नही का तुले? कोनता गावना?"

वडीलधाऱ्या माणसाने दोनदा विचारलं. आता उत्तर न देणं सुकलालच्या हाडात नव्हतं. त्याने तोंड उघडलं. श्वास आत गेला.

"नरडाणाना... बापू."

पावलं सैल झाली. मी ऐकलं.

"कोना पोऱ्या?"

"मारुती आप्पाना... धाकला..."

"आरे, तो भजनी मारुती?" बापू फाटकाबाहेर आले आणि त्याच्या बाजूने काठी टेकत चार पावलं चालले. एवढा हळू पळत होता तो, की म्हातारा बरोबरीने चालला. पुढची पोरं हसली.

"त्याच... त्याच आप्पाना. गेलात... दोन वरीस... झायात."

"आरे आरे. भला मानूस व्हता."

सुकलाल पुढे गेला, पण बोलणं थांबलं नाही. भिंतीच्या वळणापर्यंत मला त्याचा आवाज येत होता. कोणाशी बोलत होता कोण जाणे. आप्पांशी असेल. माझ्याशी असेल. मिलचं यंत्र धडधडतच होतं, त्याला आता कोणी विचारत नव्हतं.

तिसरा फेरा. किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. बापूही आत जाऊन बसले नाहीत, काठीवर हनुवटी टेकून वळणाकडे डोळे लावून उभे होते. मग तो आला. सगळ्यांच्या मागे, पण पळत. फाटकाजवळ आला आणि या वेळी बापूंच्या आधी त्यानेच विचारलं.

"आनि तुम्हनं... गाव... कोनतं... बापू?"

"बेटावद!" बापू ओरडले.

"मंग... शेजारनाच... शेतस तुम्ही!" आणि हसत हसत तो रेषा ओलांडून गेला.

साहेबाने नाव लिहून घेतलं. सुकलालने खिशातून फोन काढला, घरी लावला. तिकडून उज्ज्वलाचा आवाज आला, "पप्पा?" एवढ्या दिवसांची बडबड, आणि शेवटी म्हणाला, "शाळेत जा. उशीर होईल."

मी अजून त्याच कट्ट्यावर आहे. सुकलालने मला नेलं नाही. नेऊ नये असं मलाही वाटत होतं. बापू बेटावदला गेले, जाताना मला नव्या पहारेकऱ्याच्या हवाली केलं. सुकलाल रोज पाळीआधी भिंतीचा एक फेरा मारतो आणि खिडकीपाशी आला की दोन शब्द टाकून जातो. उज्ज्वला बारावीत गेली. सुंदराच्या कंबरेला आता आराम आहे. असं काहीबाही. माझ्या पोटात कांडी नाही, टोकांना गंज चढतोय. तक्रार नाही. मी माझं पळालो.

जाता जाता एक सांगतो. उद्या पळायला निघाल तेव्हा सांच्याच्या चालीवर पळू नका. सांच्याला थांबवायला कोणीतरी लागतं, आणि शेवटी तो वजनावर विकला जातो. तुम्हाला घरी परत यायचं आहे. दमादमाने पळा, वाटेत कोणी गाव विचारलं तर सांगा.

आणि मला चुलीत घालू नका. ओल्या दिवसांत सरपणाला चांगला आहे मी, ठाऊक आहे मला. तरी नको. सकाळी एक माणूस या खिडकीपाशी बोलायला येतो.