बिनपाण्याचं झाड

त्याला पगार मिळायचा तो झाडांना पाणी न घालण्याचा. माळी म्हणून नोकरीला लागला तेव्हा त्याला ही चेष्टाच वाटली. पण संशोधन केंद्राच्या मागच्या तुकड्यात एकाच जातीची झाडं वेगवेगळ्या डोंगरांवरून बी आणून लावली होती. जात एक, घराणी निराळी. कुणाचे पूर्वज थंडीत वाढलेले, कुणाचे खडकात. इथे मात्र सगळ्यांना सारखं ऊन आणि सारखाच उपास. जे तगेल त्याची पोरंबाळं तापत चाललेल्या डोंगरांवर जाणार.

हे त्याला समजावलं होतं बियाबाईने. ती तिथली संशोधक, कोटाच्या प्रत्येक खिशात बिया. समजावता समजावता तिने त्याच्याशी लग्नही केलं. एकदा त्याच्या मोज्यात कोंब फुटला, तर आठवडाभर तिने तो मोजा धुऊ दिला नाही.

सगळ्यात उंच माथ्यावर, शेजारची झाडं करपून गेलेली असताना, तिला एक म्हातारं झाड हिरवंगार दिसलं. "याच्या रक्तातच काहीतरी वेगळं आहे," असं म्हणून तिने मूठभर बी आणलं. पुढच्या वर्षी ते झाड वणव्यात गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी बियाबाई गेली. तेही साध्या तापाने, जे तिला मुळीच शोभलं नाही.

त्या मूठभर बियांतलं एकच रोप उरलं होतं. त्याने हा उन्हाळा बिनपाण्याचा काढला, तर त्याच्या फांद्यांपासून शेकडो रोपं करून माथ्यावर लावायची असं ठरलं होतं. नाही काढला, तर तिच्या हातचं सगळंच संपलं.

ऐन उन्हाळ्यात त्या झाडाने मान टाकली. पाणी न घालण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि आपली बाटली मुळाशी रिकामी केली. फक्त एकदाच. मग रोज एकदाच.

दुपारी सासूबाई डबा घेऊन यायच्या. लेक गेल्यावर त्याला एकट्याला टाकून जायला त्या तयार नव्हत्या.

"आई, तुमची बाटली रोज रिकामी कशी?"

"ऊन बघा की! आता सासूचे घोटही मोजणार का, जावईबापू?"

केंद्राच्या मुख्य मॅडम म्हणजे बियाबाईची जिवाभावाची मैत्रीण. त्यांना हल्ली गाडी धुण्याचं वेड लागलं होतं. बादली घेऊन तुकड्याकडे जायच्या आणि रिकामी घेऊन यायच्या. गाडी होती तशीच धुळकट. पण आपलंच पाप झाकायचं असल्यावर दुसऱ्याच्या बादलीत कोण डोकावतो?

झाड टवटवीत झालं. मग पिवळं पडायला लागलं. तहान वाढली असेल म्हणून त्याने एकाच्या दोन बाटल्या केल्या. पानं गळली.

मेलेलं झाड उपटून मुळं तपासायची पद्धत होती. मॅडम खाली बसल्या, तो खणू लागला. सासूबाई डबा धरून उभ्या होत्या. आजूबाजूच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि या एका खड्ड्यात चिखल. मुळं काळी पडली होती. धरली तशी हातात आली.

"हे तहानेने नाही मेलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "बुडून मेलंय."

कुणीच कुणाकडे बघेना.

"मी रोज बाटलीभरच घालत होते हो," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं होतं म्हणून."

"मी पण बाटलीच," तो म्हणाला. "शेवटी शेवटी दोन."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला. तो आणखीच पुसट झाला.

"माझी बादली," त्या म्हणाल्या.

दुष्काळाच्या परीक्षेत बुडून नापास झालेलं ते जगातलं पहिलंच झाड असावं. सासूबाईंना हसू आलं. ते अर्ध्यात मोडलं आणि त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. शेजारच्या ओळींमधली झाडं, ज्यांच्यावर कुणाचाच जीव नव्हता, उन्हात खुशाल उभी होती.

"आपण हात लावला नसता," सासूबाईंनी विचारलं, "तर जगलं असतं का गं ते?"

"तेच तर बघायचं होतं, काकू."

त्याने खड्डा बुजवायला घेतला. माती ओली होती. ती फावड्याला चिकटून राहिली, काही केल्या सुटेना.