गोळीबार बंद

काडतूस बोटांतून निसटलं, टेबलावर घरंगळत गेलं आणि कडेला येऊन थांबलं. लेलँडने ते उचललं. दुसऱ्यांदा.

"हात बघा याचे," शेजारच्या टेबलावरून ड्वेन क्राउझ कुजबुजला. "रायफल भरतोयस की सूपवर मिरपूड टाकतोयस?"

"क्राउझ, तोंड बंद. नजर समोर."

मागे ओडेगार्डसर उभे होते. निवृत्त पोस्टमन. स्काउटांच्या या उन्हाळी छावणीत गेली एकोणीस वर्षं नेमबाजी तेच शिकवत होते.

भरा.

आठ मुलं, आठ रायफली. पन्नास फुटांवर आठ कागद, कागदांमागे मातीचा उंच बांध, बांधामागे पाइनचं रान. पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही भोकं पंचवीस सेंटच्या एका नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. मग बिल्ला. उद्या शुक्रवार, उद्या बाबा येणार होते, त्यांना हा कागद बघायचा होता. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला घालायचा नारिंगी कोट त्यांनी आत्ताच आणून ठेवला होता. घरी, दाराच्या खुंटीवर. किमतीची चिठ्ठी न काढता.

सोमवारी लेलँडचं पोट दुखलं होतं. मंगळवारी कानातले बोळे हरवले होते. बुधवारी त्याने आपला नंबर दुसऱ्याला दिला. आज गुरुवार.

तयार.

त्याने गाल दस्त्याला टेकवला. लाकूड थंड होतं. आवाजाची भीती नव्हती, धक्क्याचीही नव्हती. एकदा सुटलं की ते परत बोलावता येत नाही, फक्त याची. चाप इतका हलका होता की बोट नुसतं ठेवलं तरी

चालवा.

ड्वेनची गोळी सुटली. मग पलीकडची. मग बाकी सगळ्यांच्या. लेलँडचं बोट चापावर होतं आणि ते त्याचं राहिलं नव्हतं.

"गोळीबार बंद!"

तो आपलाच आवाज आहे हे त्याला नंतर कळलं.

मैदानाचा नियम असा होता की ही आरोळी कुणीही द्यावी. सर्वांत लहान पोरानेसुद्धा. आरोळी आली की सगळ्यांनी बोट बाहेर घ्यायचं, रायफल रिकामी दिसावी म्हणून बोल्ट उघडायचा, रायफल टेबलावर ठेवून पिवळ्या रेषेच्या मागे जायचं. का, ते आधी विचारायचं नाही. बोल्ट उघडल्याचे आठ खटके वाजले. ओडेगार्डसरांनी एकेक रायफल वाकून तपासली. मग विचारलं,

"कोण ओरडलं?"

"मी, सर."

"काय दिसलं?"

काही नाही.
भीती वाटली.
पोट (ते सोमवारी वापरून झालं होतं).

"बांधामागे काहीतरी हललं," लेलँड म्हणाला.

सर लंगडत निघाले. आठवडाभर त्यांचा गुडघा धरला होता. बांधाच्या टोकाला वळसा घालून ते दिसेनासे झाले.

"खार असेल," ड्वेन म्हणाला. "शाब्बास रे! खारीचे प्राण वाचवलेस. त्याचाही बिल्ला असतो ना?"

पोरं खिदळली. लेलँड पिवळ्या रेषेकडे बघत राहिला. सर येतील, म्हणतील काही नाही, मग पुन्हा भरा, तयार, आणि मग कुठलंच कारण उरणार नाही.

सर परत आले ते एकटे नव्हते. त्यांनी ट्रूडीचा हात धरला होता. छावणीत स्वयंपाक करणाऱ्या बाईंची सात वर्षांची मुलगी. तिचे ओठ निळेजांभळे झाले होते, हातात डबा होता, डब्यात ब्लूबेरी.

"वरच्या अंगाला जास्त पिकल्या होत्या," ती म्हणाली. "मी चढतच होते."

कुणी हसलं नाही. ड्वेनने टोपी काढली आणि मग ती कशाला काढली हे न कळल्यासारखी परत घातली.

*

जेवणघरात पोचेपर्यंत पोरांच्या सांगण्यात लेलँडने तिची वेणी पाहिली होती, मग नुसती वेणी नाही तर लाल रिबन, मग त्याने पाहिलं आणि रायफल फेकून धावला, मग ड्वेन म्हणाला की मी शेजारीच होतो, याची नजर घारीची आहे, मी सुरुवातीपासून म्हणतोय, आणि दुसऱ्या तुकडीतली पोरं त्याला बघायला टेबलापाशी येऊन गेली.

ट्रूडीची आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिने लेलँडचं डोकं पोटाशी धरलं. मग त्याच्या ताटात तिने तिघांना पुरेल एवढा खिमा वाढला.

त्याने खिमा चमच्याने ताटाच्या एका कडेला सारला.

"पण मी तर खाली होते," समोर बसलेली ट्रूडी म्हणाली. "बांधाच्या पलीकडे. माझं डोकं वर आलंच नव्हतं. तुला दिसले कशी?"

"गप्प बस आणि जेव," आई म्हणाली.

पलीकडच्या टेबलावर ओडेगार्डसरांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

*

रायफली ठेवायच्या खोपटात तेलाचा वास होता. सरांच्या समोर वही उघडी होती. मैदानावर काही घडलं की त्यात नोंद करायची, तीही आरोळी देणाऱ्याच्या शब्दांत.

"सांग. किती वाजता, कुठे, काय दिसलं. तुझ्या शब्दांत."

लेलँडने दारातून बाहेर पाहिलं.

"नाही दिसलं काही."

पेन थांबलं.

"मला भीती वाटली होती, सर. म्हणून ओरडलो. चाप ओढवेना. मग तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोललो."

बाहेर कुणीतरी होडीवरून पाण्यात उडी मारली, हसणं ऐकू आलं. लेलँड वाट बघत होता. घरी पाठवतील. बाबांना फोन जाईल. ड्वेनला कळेल, म्हणजे सगळ्यांनाच कळेल.

"रोज सकाळी मी बांधाला फेरी मारतो," सर म्हणाले. "आधी फेरी, मगच गोळीबार सुरू असल्याचं लाल निशाण. एकोणीस वर्षं. आज गुडघा फारच दुखत होता. म्हटलं, कोण येतंय इथे."

त्यांनी कपाळ पुसलं.

"तुला ती दिसली असं लिहिलं तर कुणी काही विचारणार नाही. तुलाही नाही. मलाही नाही."

ते वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी वही फिरवली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

लेलँडने लिहिलं: भीती वाटली म्हणून थांबवलं. काही दिसलं नव्हतं. अक्षर वाकडं आलं. खाली नाव घातलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. त्याच्याखाली आपली ओळ लिहिली, बरीच लांब, आणि वही तशीच उघडी ठेवली. आता ती छावणीप्रमुखांकडे जाणार होती.

"माझ्या पाच गोळ्या?" लेलँडने विचारलं.

"उद्या. मला कामावर ठेवलं तर मी असेन, नाहीतर दुसरं कुणी असेल. कुणीही असो, आधी त्याच्याबरोबर बांधाला फेरी मारून ये."

"आणि तरी भीती वाटली तर?"

"तर ओरड."

त्यांनी रायफलींचं कपाट लोटलं आणि किल्ली काढली. किल्ली कुलपाच्या भोकात जाईना. एकदा डावीकडे घसरली, एकदा उजवीकडे. लेलँड पुढे झाला आणि त्याने कुलूप दोन्ही हातांनी घट्ट धरलं.