शनिवारचं कारण

क्लेम हार्कनेस म्हणजे हट्टाचा पुतळा. ऑस्ट्रेलियात मत चुकवलं की दंड होतो, पण हा गडी दंडाला भिऊन कधी गेला नाही. साठ वर्षं प्रत्येक निवडणुकीच्या शनिवारी सकाळी आठला मतदान केंद्र असलेल्या शाळेच्या फाटकाशी हजर! मत द्यायचं आणि मग शाळेसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या स्टॉलवर सॉसेजबरोबरचा कांदा परतत उभं राहायचं.

यंदा मात्र डॉक्टरनं त्याच्या लेकीला, रोन्डाला, बाजूला घेऊन सांगितलं, की ते शनिवारपर्यंत काही काढत नाहीत. बापाला हे सांगायला तिचं तोंडच उघडेना. पण त्याचं शेवटचं मत हुकू द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं, आणि मंगळवारीच त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून लवकर मतदानाच्या केंद्रावर आणलं.

"लवकर मत द्यायला सबळ कारण लागतं, पोरी," क्लेम दारातच कुरकुरला.

"शनिवारी आपण मावशीकडे जातोय ना, बाबा!"

"तिचं तोंड मी वीस वर्षं पाहिलं नाही. आता कुठून एवढं प्रेम उतू चाललंय?"

टेबलामागे बेरिल होती, एरवी टपाल कचेरीत बसणारी. तिनं नाव विचारलं, पत्ता विचारला, यंदा आधी कुठे मत दिलंय का तेही विचारलं. मग म्हणाली, "शनिवारी का येता येणार नाही, काका?"

"प्रवासाला..." रोन्डा घाईनं म्हणाली.

"गप बस! मतदानाच्या टेबलासमोर मी आजवर खोटं बोललो नाही." आणि टपालाची तिकिटं मागावीत तशा सुरात क्लेम म्हणाला, "शनिवारपर्यंत मी मेलेला असेन, बेरिल."

रोन्डा खुर्चीमागून झटकन त्याच्या पुढ्यात आली. "बाबा! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डॉक्टर माझ्या विनोदांना हसायला लागला, तेव्हाच ओळखलं. वर तू रोज आइस्क्रीम आणतेस. मला काय खुळा समजलीस?"

बेरिलनं डोळे पुसले. "गंभीर आजार, असं कारण यादीत आहे, काका. तेवढं पुरे," म्हणत तिनं दोन मतपत्रिका पुढे केल्या.

सेनेटची पत्रिका टेबलक्लॉथएवढी लांब. वरच्या ओळीत पक्षांपुढे पसंतीचे सहा आकडे टाकले तरी चालतं. सगळे तेच करतात. क्लेम मात्र पुठ्ठ्याच्या आडोशात खालच्या सत्तावन्न उमेदवारांच्या नावांना एकेक आकडा देत बसला. रोन्डा पाठ फिरवून उभी. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पेन्सिलीची खरखर थांबे, धाप लागे, पुन्हा खरखर सुरू.

"बाबा, वरचे सहा टाका आणि चला ना! दमलात."

"अगं, सेनेटर सहा वर्षं बसतो तिथे," आतून आवाज आला. "सहा वर्षं! माणूस नीट बघून नको निवडायला?"

रोन्डा थक्क झाली. ज्याला सहा दिवस मिळणार नव्हते, तो सहा वर्षांची काळजी करत होता. आपला बाप एवढा मोठा आहे, हे तिला पन्नासाव्या वर्षी कळलं.

क्लेम गुरुवारी गेला.

शनिवारी आठला रोन्डा शाळेच्या फाटकाशी उभी होती. एरवी ती अर्ध्या मिनिटात मत उरकून पळायची. आज तिनं खालच्या पहिल्या नावापासून सगळी यादी वाचायला घेतली. डोळे भरले की थांबायची, पुसून पुढचं नाव वाचायची. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं, पण ती सत्तावन्न आकडे पुरे करूनच बाहेर आली, आणि थेट कांद्याच्या तव्यापाशी जाऊन उभी राहिली.