मामाची मांडी

संस्कृतीच्या केसांना दोन वर्षं कात्री लागली नव्हती. मऊ, तांबूस केस. उन्हात बसली की टोकं सोनेरी दिसायची. मी तेल लावून दोन शेंड्या बांधायची आणि ती आरशात बघून स्वतःलाच "बाई" म्हणायची. जावळ अजून व्हायचं होतं. आमच्याकडं जावळ मामाच्या मांडीवर निघतं. पहिली बट मामानं कापायची, मग न्हाव्यानं वस्तरा फिरवायचा. आणि संस्कृतीचा मामा आमच्या दारात येत नव्हता.

दीपक माझा एकुलता एक भाऊ. निमगाव केतकीत असतो, हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. आईवडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. त्यानं ठरवलेलं स्थळ मोडून मी सांगवीच्या मानसिंगशी लग्न केलं, त्याला चार वर्षं झाली होती. दादा भांडला नाही, वेडंवाकडं बोलला नाही. फक्त यायचा बंद झाला. डोहाळजेवणाला नाही, बारशाला नाही. भाऊबीजेला मी ताट तयार करून वाट बघायची आणि शेवटी चंद्राला ओवाळून आत यायची.

जावळाचे महिने एकेक करून निघून गेले. पाचवा, सातवा, अकरावा. सासूबाई, म्हणजे प्रयागबाई, मी त्यांना आत्या म्हणते, एकदा म्हणाल्या की चुलतमामाही चालतो, भावकीत कुणालाही बसवू. मी नको म्हटलं. माझ्या लेकीला सख्खा मामा आहे आणि तो जिवंत आहे, असं काहीतरी तोडून बोलले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

फेब्रुवारीत संस्कृतीला न्हाऊ घालताना उजव्या कानाच्या वर, केसांच्या आत, माझ्या बोटाला खरखरीत लागलं. केस बाजूला करून बघितलं तर रुपयाएवढा गोल चट्टा, वर राखेसारखा कोंडा, मधले केस मोडलेले. मी खोबरेल कोमट करून लावलं. तेव्हा गोठ्यात आमची कालवड होती, तिच्या डोळ्यांभोवती तसेच करडे गोल चट्टे होते. संस्कृती रोज तिच्या मानेला डोकं टेकवून उभी राहायची आणि तिच्या कानात काहीतरी लांबलचक सांगायची. दोन्ही चट्टे मी रोज बघत होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांत चट्टा फुगला. बारामतीला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. हा नायटा आहे, जनावराकडून येतो आणि लहान मुलांच्या डोक्यात जोरात उठतो, असं त्यांनी सांगितलं. पोटात घ्यायचं औषध दीड महिना, एक दिवस चुकवायचं नाही. वरून मलम. आणि केस बारीक कापून टाकायचे, कात्रीनं, वस्तरा अजिबात लावायचा नाही, नाहीतर मलम कातडीपर्यंत पोचणारच नाही. आठ दिवसांनी परत दाखवायला बोलावलं. मी हो म्हणून आले.

त्याच आठवड्यात निमगावहून सोनबातात्यांचा फोन आला होता. तात्या आमचे लांबचे चुलते, दादाचं त्यांच्यापुढं चालत नाही. त्यांनी त्याला मनवलं होतं. तो जावळाला यायला तयार झाला होता. हंगाम संपल्यावरचा रविवार, तारीख त्यानंच दिली होती. अजून अठरा दिवस होते.

तारीख अलीकडं घे म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वाटलं, एवढंसं निमित्त मिळालं तरी तो पुन्हा मागं फिरेल. आणि केस कापले तर जावळ कशाचं काढायचं, मांडी कशाला लागेल? अठरा दिवस काय, बघता बघता जातील. कालवडीला मी त्याच संध्याकाळी लांब बांधलं, तिला औषध आणलं. तेवढं मात्र लगेच केलं.

संस्कृतीला पोटातलं औषध चार दिवस नीट दिलं. पाचव्या दिवशी तिनं ओकून टाकलं, मग मी एकाआड एक दिवस द्यायला लागले. मलम केसांतच थापलं जायचं. आठ दिवसांनी परत दाखवायला मी तिला नेलंच नाही. चट्ट्याचा उंचवटा झाला, अर्ध्या लिंबाएवढा, दाबला की मऊ लागणारा. चाळणीतून यावा तसा बारीक भोकांतून पू यायचा आणि केस त्यात चिकटून वाळायचे. एक बट मी सोडवायला गेले तर ती न दुखता हातात आली, मुळासकट. मी ती चुलीत टाकली. तिच्या डोक्याला रुमाल बांधायला लागले. "आई, बाऊ," ती म्हणायची आणि माझा हात धरून स्वतःच्या कानावर ठेवायची. मी तिथं फुंकर घालायची. फुंकर घातली की तिला पुरायचं.

आठ दिवस राहिले होते त्या दुपारी आत्यांनी तिला ओट्यावर मांडीत घेतलं आणि रुमाल सोडला. बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आल्या आणि माझ्यापुढं धरली.

"काप पोरी. देवाला मी तोंड देते."

"आठच दिवस राहिलेत आत्या. दादा यायचाय."

"भाऊ आज न्हाय तर उद्या येईल. हिला डोस्कं एकच हाय."

मी त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि फडताळात वरच्या डब्यामागं ठेवून दिली. लेक माझी होती, म्हणून असेल, त्यांनी जोर केला नाही.

रविवारी दादा आला. पांढरीशुभ्र पॅन्ट, हातात पिशवी. पिशवीत गुलाबी फ्रॉक, टोपडं, पैंजण. मी दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तो म्हणाला, "बारीक झालीस." चार वर्षांत एवढंच. मला ते खूप झालं.

नदीकाठच्या देवळापुढं घोंगडी अंथरली. भावकीतली पंधरा-वीस माणसं, बाजूला चुलीवर रस्सा शिजत होता. संस्कृतीला आदल्या दिवसापासून कणकण होती, ती दादाच्या मांडीवर मान टाकून बसली. नवा माणूस असून रडली नाही. दादानं डावीकडची एक बट कापली आणि ती आत्यांच्या पदरात टाकली. मग रामहरी न्हावी पुढं सरकला. त्यानं रुमाल सोडला, केस उचलले आणि हात मागं घेतला.

"ताई, ह्याच्यावर वस्तरा न्हाय चालायचा. हे दवाखान्याचं काम हाय."

दादानं माझ्याकडं बघितलं. आत्यांनीही. त्या वेळी मी उठले असते, तरी चाललं असतं. पण मला वाटलं, आता मोडलं तर तो ही पिशवी तशीच घेऊन जाईल.

"कडंनं फिरवा," मी म्हटलं. "हळू."

रामहरीनं कडेनं फिरवलं. हात हलका होता त्याचा, त्याला दोष देता येत नाही. पण खपली केसांना धरून होती. केस ओढले गेले तशी ती सगळी वर आली, आणि पू आणि रक्त दादाच्या पांढऱ्या पॅन्टवर वाहिलं. संस्कृती एकदाच ओरडली. मग तिनं श्वास धरला. ओठ निळे पडले, डोळे वर गेले, अंग ताठ झालं. दादा तिला तशीच उचलून गाडीकडं पळाला. मी पळाले, माझ्या मागं आत्या, अनवाणी, पदरात ती बट तशीच धरून.

सहा दिवस तिला बारामतीत ठेवलं. ताप डोक्यात गेला होता, मानेत गाठी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरबाई बघायला आल्या. जखम उघडून त्यांनी आमच्याकडं बघितलं.

"मी कात्री सांगितली होती. कुणी थांबवलं?"

मी संस्कृतीचा सुई लावलेला हात धरून बसले होते. तिच्या नखांत अजून हळद होती. मी वर बघितलं नाही. दादा आत्यांकडं वळला. त्याच्या पॅन्टवरचे डाग अजून तसेच होते.

"मामाच्या मांडीसाठी पोरगी सडवली व्हय तुमी? एक फोन करायचा व्हता. मी त्याच दिशी आलो असतो."

त्याच दिवशी. मी ते ऐकलं. आत्यांनीही ऐकलं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, अगदी थोडा वेळ, आणि पदर सावरला.

"व्हय बाबा. माझंच चुकलं. म्हातारीची अक्कल."

डॉक्टरबाई त्यांना खूप बोलल्या. अंधश्रद्धा, अडाणीपणा, सगळं. त्या मान हलवत राहिल्या. मी संस्कृतीच्या नखांतली हळद काढत राहिले.

याला वर्ष झालं. केस परत आले, या खेपेला काळे आणि कुरळे. फक्त उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा रिकामी आहे, भाजल्यासारखी गुळगुळीत. मुळंच मेली आहेत, तिथं आता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वेळेवर कापले असते तर वाचले असते, हे मी विचारलं नाही तरी सांगितलं.

वेणीफणी आत्याच करतात. डावीकडचे केस उजवीकडं आणून, वरून दोन पिना. परवा मी त्यांच्यामागं उभी राहून म्हटलं, आत्या, मी दादाला खरं सांगते.

त्यांच्या तोंडात पिन होती. ती काढून म्हणाल्या, "सांगून केस येणार हायत का?" पिन लावली, केस दाबून बघितले. "ऱ्हाऊ दे. तुझं म्हायेर आत्ता कुठं जुळलंय."

दादा आता महिन्यातून एकदा येतो. यंदा भाऊबीजेलाही आला. त्याची गाडी वाजली की आत्या चहाचं आधण ठेवतात आणि परसात निघून जातात, कारण त्यांच्या हातचं तो पाणीही घेत नाही. संस्कृती धावत जाऊन त्याच्या मांडीवर चढते. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, हात उजव्या कानाशी येऊन थांबतो, मग तो मागच्या दाराकडं बघतो. त्याच्या जबड्याची शीर उडते.

मी कपबशी त्याच्यापुढं ठेवते आणि साखर पुरे का विचारते.